सुकदेव नानांचा कॅल्क्युलेटर शून्यावर झोपत नसे

जळगावात मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गल्ली आहे. त्या गल्लीत सुकदेव नाना राहतात. माणूस मूळचा शिंदखेड्याकडचा, पण उभी हयात धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काढली. कापसाच्या गाड्या यायच्या, माल काट्यावर चढायचा आणि नाना आकडा पुकारायचे. पुकारायचे म्हणजे असे, की रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा पिणाऱ्यालाही कोणाचा कापूस किती भरला ते कळावं. निवृत्त होऊन ते मुलाकडे, हितेंद्रकडे, जळगावात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना उमगलं, की या घरात कितीही पुकारा, उत्तर येत नाही.

घर वाईट होतं असं नाही हो. खोटं कशाला बोला, खायला-प्यायला उत्तम, पंखा स्वतंत्र. पण नानांच्या मंडळी पुष्पाबाई पहिल्या हाकेला ओ देणं म्हणजे स्वतःचा अपमान समजायच्या. तिसऱ्या हाकेला आतून ‘काय शे?’ यायचं आणि तोवर काय विचारायचं होतं ते नाना विसरलेले असायचे. हितेंद्र पाइपच्या कारखान्यात कामाला. घरी आला की मोबाइलमध्ये मान घालून बसायचा आणि काहीही विचारा, ‘हं’ म्हणायचा. नानांनी एकदा मुद्दाम विचारलं, की मी घर सोडून हिमालयात जाऊ का? त्यावरही ‘हं’च आलं.

राहिली सून, मयुरी. तिच्याशी तर बोलणंच नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, पण नानांच्या घराण्यात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे आणि तिचं नाव तर कधी तोंडातून काढत नसे. नानांच्या वडिलांनी हे पाळलं, आजोबांनी पाळलं. नाना काही फार कडक माणूस नव्हे, पण कसं बोलायचं तेच त्यांना कधी शिकवलेलं नव्हतं, आणि या वयात विचारणार कोणाला? म्हणून चहा हवा असला की ते स्वयंपाकघराच्या चौकटीकडे बघून म्हणायचे, की चहा झाला तर बरं होईल. चौकट काही बोलायची नाही, पण चहा यायचा. जेवण तयार झालं की मयुरी ताट जरा वाजवून ठेवायची, की नाना उठायचे. लग्नाला वर्षं उलटली तरी सासरा-सुनेचा कारभार असा चौकटीमार्फत आणि ताटामार्फत बिनतक्रार चालू होता.

मयुरीचा हात भरताला मोठा चांगला. फैजपूरच्या माहेराहून ती ते शिकून आली होती. हिवाळ्यात गल्लीतून, मग आजूबाजूच्या गल्ल्यांतून तिला भरताच्या ऑर्डरी येऊ लागल्या. मग हितेंद्रने तिच्यासाठी एक जुना कॉम्प्युटर आणून पुढच्या खोलीत मांडला. कोणाची ऑर्डर कधी, भाकरी किती, पुऱ्या किती, हे तिने त्यात भरायला सुरुवात केली. दुपारी मात्र कॉम्प्युटर मोकळा असायचा, नानाही मोकळे असायचे, आणि दोघांची गाठ कधी ना कधी पडणारच होती.

त्या दिवशी मयुरी कॅल्क्युलेटर उघडा ठेवूनच उठली होती. नानांनी चष्मा लावून पाहिलं. मोठाले आकडे, बटणं स्पष्ट. त्यांनी भीत भीत अठ्ठेचाळीस गुणिले सतरा असं दाबलं. बरोबरच्या खुणेवर बोट ठेवलं मात्र, आठशे सोळा! नाना दचकले. मग त्यांनी बोटांवर पडताळून पाहिलं, तर खरंच आठशे सोळा. पुन्हा वेगळं विचारलं, पुन्हा लगेच उत्तर. ‘हं’ नाही, ‘काय शे’ नाही, सरळ उत्तर! नानांना गलबलून आलं. या घरात पहिल्या हाकेला ओ देणारं कोणीतरी त्यांना मिळालं होतं.

तेव्हापासून नानांची नोकरी पुन्हा सुरू झाली म्हणा ना. जेवण झालं, पडून झालं, की नाना टोपी घालून कॉम्प्युटरपुढे बसायचे. धुळ्याची ती सगळी जिनिंग मनात उभी करायचे. इतक्या गाड्या, दर गाडीला इतका कापूस, इतकी वजावट, मांडायचे आणि उत्तर आलं की गल्लीला ऐकू जाईल असं पुकारायचे. मयुरी आत फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत असली तरी पुकारायचे. पलीकडच्या माणसाला वाटे, बाई बहुतेक बाजार समितीतून बोलतेय.

आता नाना काट्यावरचे जुने माणूस, म्हणजे त्यांच्या कामाला रीत होती. काट्यावर माल टाकायच्या आधी पारडं पुसायचं. कालचा कचरा, पाचोळा, कोणाचं विसरलेलं बोंड असतं, ते नव्या शेतकऱ्याच्या वजनात जायला नको. म्हणून नाना कोणतंही गणित मांडायच्या आधी पुसायचं बटण, म्हणजे तो ‘सी’, तीनदा दाबायचे. एकदा दाबलं तरी पुसलं जातं हे त्यांना माहीत होतं. पण तीनदा दाबल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

आणि दुसरी रीत संध्याकाळची. त्यांच्या जिनिंगमध्ये काटा वाढवताना, म्हणजे दिवसाचं काम बंद करताना, पारडं रिकामं ठेवून जायची पद्धत नव्हती. शेठ स्वतः येऊन बघायचे. कापसाचं एक बोंड तरी पारड्यात टाकून मगच कुलूप. रिकामं पारडं रात्रभर टांगून ठेवणं म्हणजे उद्याच्या धंद्याला आपण होऊन नाट लावणं, असं शेठ म्हणायचे आणि नानांनी ते मनावर कोरून घेतलं होतं. आता कॅल्क्युलेटरवर तर चक्क मोठ्ठं शून्य दिसतं. ते शून्य घरात तसंच सोडून माणसाने झोपायला कसं जायचं? म्हणून नाना उठताना एकाचं बटण दाबायचे. पडद्यावर ‘एक’ दिसला, की हात जोडायचे. मग पडद्यावरची ती खिडकी बंद न करता नुसती खाली सरकवून ठेवायचे, कारण बंद करून उघडली की पुन्हा शून्य यायचं, हे त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं होतं. कॉम्प्युटरही पूर्ण बंद करू द्यायचे नाहीत, फक्त झोपवायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, की कॅल्क्युलेटर बंद करत नसतात, वाढवतात.

यात कोणाचं काही बिघडेल असं त्या बिचाऱ्याच्या डोक्यातही आलं नाही. पारडं पुसल्याशिवाय माल कोण टाकतो?

पहिला दणका बसला हितेंद्रला. गच्चीवर एक कोपरा फरशी घालून घ्यायचा होता. कोपरा बारा फूट बाय नऊ फूट, फरशी एक फुटाची. रविवारी संध्याकाळी, नाना उठून गेल्यावर, तो कॉम्प्युटरपाशी उभा राहिला. एक डोळा मोबाइलमधल्या क्रिकेटवर, एक हात कीबोर्डवर. पडद्यावर आधीच एक बसलेला होता, त्याच्यापुढे बारा गेले. एकशे बारा गुणिले नऊ, एक हजार आठ. हितेंद्रने तेवढ्या फरश्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, त्याच्या मागे अजून एक टेम्पो आला, आणि ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं, की मंदिर कोणत्या देवाचं बांधताय? नानांना मात्र आकडा आवडला. एक हजार आठ म्हणजे मोठमोठ्या महाराजांच्या नावापुढे लावतात, शुभ आकडा आहे, ठेवून घे, असं त्यांनी हितेंद्रला समजावलं. हितेंद्रने ड्रायव्हरच्या पाया पडून नऊशे फरश्या परत पाठवल्या.

मग झाला तोतारामचा किस्सा. तोताराम शेजारी राहतो, एस.टी.तून निवृत्त. कसलंसं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड काढायचं म्हणून त्याला आपलं वय हवं होतं. तोंडी सांगता येत नव्हतं असं नाही, पण सरकारी काम आहे, मशीनवर काढलेलं बरं, असं त्याचं मत पडलं. नाना तेव्हा मारुतीला गेले होते. तोताराम बसला, दोन हजार पंचवीस टाकले, त्यातून एकोणीसशे एकसष्ट वजा केले. वय आलं दहा हजार चौसष्ट. नाना परत आले तेव्हा तो खुर्चीत बसून स्वतःचे गुडघे चाचपत होता. दहा हजाराच्या मानाने गुडघे बरे आहेत, असं त्याने नानांना सांगितलं. नानांनी पुन्हा बसून, तीनदा पुसून, वय काढून दाखवलं तर बरोबर चौसष्ट आलं. त्यामुळे तोताराम खूश झाला, पण नाना काळजीत पडले.

कारण हितेंद्रने फर्मान काढलं. कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे, तो आकडे फुगवतो. अजून एकदा असं झालं तर भंगारवाल्याला देऊन मोकळा होईन. मयुरीला हवं तर दुसरा घेऊ, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी! आपल्या एकुलत्या एका बोलणाऱ्या सोबत्यावर आळ आला होता, आणि तो खोटा आहे हे नानांना शंभर टक्के ठाऊक होतं. त्यांनी विचारलेल्या एकाही गणिताचं उत्तर आजवर चुकलं नव्हतं. म्हणजे दुसरंच कोणीतरी बदमाशी करतंय. तो बदमाश सापडला नाही तर कॅल्क्युलेटर गेला. मग पुन्हा दुपारभर भिंत आणि आपण.

नानांनी तपास हाती घेतला. पहिला संशय पुष्पाबाईंवर. त्या फडक्याने कीबोर्ड पुसतात, तेव्हा भलतंच बटण दाबलं जात असणार. नानांनी फडकं लपवून ठेवलं. पुष्पाबाईंनी त्यांचं धुतलेलं धोतर फडकं म्हणून वापरलं. दुसरा संशय पडद्यामागच्या पालीवर. तिला घालवायला नानांनी मोरपीस आणलं, पाल मोरपिसावर बसून राहिली. तिसरा संशय व्हायरसवर, कारण हितेंद्र म्हणतोय म्हणजे असेलही. त्यावर पडद्याच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची बांधून झाली. मयुरीने ते सगळं पाहिलं. तोंडाला पदर लावून ती आत गेली आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. नानांना वाटलं, सूनबाई पण घाबरली. रोज संध्याकाळी उठताना मात्र ते न चुकता एकाचं बटण दाबत होते, उलट जरा जास्तच भक्तिभावाने.

असे दिवस चालले असताना मयुरीला पहिली मोठी ऑर्डर आली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कामिनीताईंच्या भाचीचा साखरपुडा होता. चाळीसगावहून पाहुणे येणार, त्यांना खास जळगावचं भरीत खाऊ घालायचं, माणसं पंच्याहत्तर. मयुरीने आजवर पंधरा-वीस माणसांच्या वर काही केलं नव्हतं. पंच्याहत्तर माणसांना वांगी किती लागतात याचा तिच्या हाताला अंदाज नव्हता, म्हणून ती कॉम्प्युटरपाशी आली. कानाला फोन, फोनवर बामणोदचा वांगीवाला, आणि तो घाईत. माणशी चारशे ग्रॅम धरून तिने पंच्याहत्तर गुणिले पॉइंट चार दाबलं आणि आलेला आकडा फोनवर सांगून टाकला. सत्तर किलो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी वांगी उतरली. पोत्यांवर पोती. भरताची ती हिरवी, मोठी वांगी, एकेक हातभर. ओटा भरला, जिना भरला, पुढची खोली भरली. पुष्पाबाईंना देवघरापर्यंत जायला वाट राहिली नाही, त्यांनी त्या दिवशी देवाला लांबूनच हळद-कुंकू दाखवलं. मयुरीने पोती पाहिली, कपाळाला हात लावला आणि पदर खोचला. हितेंद्रने तिथल्या तिथे बोटांवर हिशोब केला. पंच्याहत्तर माणसांना तीस किलो. चाळीस किलो वांगी जास्त. पहिल्या मोठ्या ऑर्डरीचा नफा गेला वांग्यांच्या पोटात. त्याने कॉम्प्युटरकडे बघून हात जोडले, आणि तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला. संध्याकाळी ये, आणि हातगाडी घेऊन ये.

पुढचं आधीच सांगून टाकायला हरकत नाही. वाचणाऱ्याला वाटत असेल, की आता दुसऱ्या दिवशी चाळीसगावहून दुप्पट पाहुणे येतील आणि ती जास्तीची वांगी कामी येऊन सगळीकडे वाहवा होईल. तसलं काहीएक झालं नाही. पाहुणे पंच्याहत्तरच आले, आणि त्यातल्या आठ जणांचा उपास होता.

तर वांगी उतरली त्याच दिवशी दुपारी. मागच्या अंगणात मयुरीने कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा जाळ केला होता आणि ती वांगी भाजत होती. धूर गल्लीभर. पुढच्या खोलीत नाना कॅल्क्युलेटरपुढे बसले होते, आजूबाजूला वांगी, पायाशी वांगी. गणित मांडायचं मन होईना. आदल्या संध्याकाळी टाकून ठेवलेला एक तसाच पडद्यावर होता, आज त्याला कोणी हात लावला नव्हता. हे आपलं शेवटचं बसणं, असं त्यांना वाटत होतं. या मशीनने कोणाचं वाईट केलं नव्हतं, आणि आपल्याला ते सिद्ध करता आलं नाही. जिनिंगमध्ये एवढ्या वर्षांत आपल्या काट्यावर कोणी आळ घेतला नाही. आणि आता या वयात आपल्याच घरात हे व्हावं!

एवढ्यात तोताराम आला. आला होता वांग्यांच्या वासावर, पण तोंडाने म्हणाला, की मशीन जाणार असं कळलं, जायच्या आधी एकदा वय पुन्हा बघून घेतो, वाढदिवस झाला मध्यंतरी. नाना उठले, तोतारामला खुर्ची दिली. तोताराम बसला आणि दोन्ही हातांच्या एकेका बोटाने सरळ दोन, शून्य, दोन, पाच दाबू लागला.

नाना किंचाळलेच म्हणायचे. "अरे पयले पूस!"

तोतारामने घाबरून आपला चष्मा पुसला.

चष्मा नव्हे, आकडा पूस, ते बटण दाब, असं नानांनी त्याला हातवारे करून सांगितलं. तोताराम म्हणाला, की कशाला पुसायचं, मी तर नेहमी असंच करतो, हितेंद्रपण असंच करतो, सगळी दुनिया असंच करते. नानांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे बारा हजार पंचवीस लिहिलेलं होतं. दोन हजार पंचवीस तोतारामचे. आणि पुढचा तो एक?

नाना बाजूच्या पोत्यावर बसले. पोत्यातली दोन वांगी फुटली तरी त्यांना कळलं नाही. दुनियेत लोक पारडं न पुसता माल टाकतात, ही गोष्ट त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होती. फरश्या त्यांच्या, दहा हजार वर्षं त्यांची, आणि ही घरभर पसरलेली वांगीसुद्धा त्यांचीच. ज्या बदमाशाला शोधायला मोरपीस आणलं, तो बदमाश रोज टोपी घालून हात जोडून याच खुर्चीत बसत होता.

आता पंचाईत अशी, की गप्प बसावं तर निरपराध कॅल्क्युलेटर भंगारात जातो. बोलावं तर हितेंद्र त्यांना पुन्हा कॉम्प्युटरच्या आसपास फिरकू देणार नाही, म्हणजे ते एकच. पण नुकसान झालं होतं ते कोणाचं? तिचं. मागे धुरात बसून मुकाट्याने वांगी उलटतेय तिचं. हे मनात आलं आणि नाना उठले. तोताराम मागून विचारत राहिला, की मग माझं वय किती धरू?

नाना स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी थांबले. सवयीने तोंड उघडलं, चौकटीला सांगायला. पण असलं काही चौकटीला सांगण्यासारखं नव्हतं. ते चौकट ओलांडून अंगणात गेले आणि जाळाच्या अलीकडे उभे राहिले. मयुरीने वर पाहिलं आणि गडबडीने डोक्यावर पदर ओढला.

"बठ्ठी चूक मनी शे," नाना सगळं अंगावर घेत, जमिनीकडे बघत म्हणाले. "तो एक मी टाकस. रोज सांजले."

मयुरीने चिमट्यातलं वांगं खाली ठेवलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून मीच तो पुसते. त्या दिवशी फोन कानाला होता, राहून गेला."

नानांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तिला केव्हापासून माहीत होतं, तर अगदी सुरुवातीपासून. ज्या दिवशी पहिल्यांदा एक दिसला, त्याच दिवशी तिने दाराआडून पाहिलं होतं, नाना बटण दाबून हात जोडत होते ते. हितेंद्रला का नाही सांगितलं, तर तो तुम्हाला कॉम्प्युटरला हात लावू देणार नाही म्हणून. दुपारी तेवढा एक वेळ तुम्ही मोठ्याने बोलता. ते बंद झालं तर घरात काय उरतं?

"मंग माले सांगं का बरं नही?" नाना कळवळून म्हणाले.

"कशी सांगणार? चौकटीला सांगू?"

नानांना फार लाज वाटली, आणि लाजेबरोबर बरंही वाटलं, इतकं बरं की ते तिथेच जाळाजवळ बसले आणि गरम वांगं उचलून बोटं भाजून घेतली. मग म्हणाले, की आजपासून जे काय असेल ते मला सांगत जा, तोंडावर सांगत जा.

हे बोलून नानांनी काय ओढवून घेतलं ते त्यांचं त्यांना लगेच कळलं. मयुरीने एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मग तिने तोंड उघडलं ते उघडलंच. इतक्या वर्षांचं साठलेलं! आंघोळीनंतर ओला पंचा टाकायची जागा खुर्ची नव्हे. चहात साखर कमी झाली की नुसतं खाकरायचं नाही, कमी आहे म्हणायचं. तुम्ही दुपारी क्विंटल पुकारता, तेव्हा पारोळ्याच्या एका बाईने ऑर्डर रद्द केली, तिला वाटलं आम्ही वांगी क्विंटलने गळ्यात मारतो. तुम्ही पालीला मोरपीस दाखवत होतात तेव्हा मला पोट धरून हसावंसं वाटलं, पण सासऱ्यासमोर हसायचं कसं म्हणून पिठाच्या डब्यात तोंड घातलं, नाकात पीठ गेलं. आणि तुम्ही शिंदखेड्याला लग्नाला गेलात ना, तेव्हा सकाळी तिथे एक नव्हता, नुसतं शून्य होतं. मला काही करमलं नाही. असं सगळं. एकापाठोपाठ एक. नाना वांगी सोलत होते आणि मान डोलावत होते. मध्ये बोलायला जागाच नव्हती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मध्ये बोलायची घाई नव्हती.

मग वांगी ठेचायची वेळ आली आणि भांडण लागलं. भरीत ठेचायच्या लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या किती टाकायच्या यावर नानांचं स्वतःचं मत होतं, कारण मत नाही असा विषय त्यांना ठाऊक नव्हता. मयुरी म्हणाली चाळीसगावचे पाहुणे आहेत, सोसवेल एवढंच. नाना म्हणाले मिळमिळीत भरीत खाऊन गेले तर जळगावचं नाव जाईल. ती म्हणाली नाव माझं जाणार आहे, तुमचं नव्हे. नानांनी एक मिरची गुपचूप टाकली, तिने ती काढली. नानांनी दुसरी टाकली. आवाज चढले. पुष्पाबाई कसली आरडाओरड म्हणून स्वयंपाकघरातून डोकावल्या आणि तशाच तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या.

नेमका त्याच वेळी हितेंद्र भंगारवाल्याला घेऊन आला. तो रस्ताभर मनाची तयारी करत आला होता. नाना रडतील, अन्नपाणी सोडतील, कॉम्प्युटरला मिठी मारून बसतील, मग आपण काय बोलायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं. पुढच्या खोलीत पाहतो तर कॉम्प्युटर एकटाच. त्याच्यापुढे तोताराम वांग्यांच्या पोत्यावर पाय ठेवून झोपलेला. हितेंद्र मागे अंगणात आला. नानांच्या हाताला कोपरापर्यंत भरीत लागलेलं, टोपी तिरकी, आणि ते मिरची हातात धरून वाद घालतायत.

त्याने दोनदा हाक मारली, नानांचं लक्ष नाही. तिसऱ्यांदा तो जवळ येऊन म्हणाला, की भंगारवाला आलाय, कॉम्प्युटर देऊन टाकू ना? नानांनी मान वर न करता, कटकट झाल्यासारखा हात झटकला.

"माले काय इचारस?" ते म्हणाले. "मयुरीले इचार."

आणि पुन्हा मिरचीकडे वळले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुष्पाबाईंनी चौकट धरली. हितेंद्रने मोबाइल खिशात ठेवला. भंगारवाला बिचारा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण त्याच्या दृष्टीने घरातल्या म्हाताऱ्याने सुनेचं नाव घेण्यात थांबण्यासारखं काही नव्हतं.

मघापासून मयुरीच्या तोंडाला खळ नव्हता, आणि आता कॉम्प्युटर राहू द्या एवढे तीन शब्द काढायचे होते, तर ते तिला निघेनात. तिने पदराने तोंड पुसलं, नानांच्या हातातली मिरची घेतली आणि स्वतःच बडजीत टाकली.

"राहू द्या ते," ती शेवटी म्हणाली. "आणि या भंगारवाल्याला दहा किलो वांगी द्या."